सोडलेले ऋण

प्रभू येशूने आपल्या शिष्यांस शिकविलेली प्रार्थना आपल्या शाळेत दररोज सकाळी म्हटली जाते, आणि जी मुले ख्रिस्ती नाहीत त्यांसही ती केव्हा पाठ झाली हे कळत नाही. पाठ झालेल्या शब्दांचे एक दुर्दैव असते. ते ओठांवरून सहज निघून जातात व मनाचे दार ठोठावीत नाहीत. या प्रार्थनेत रोजच्या भाकरीच्या मागणीनंतर लगेच क्षमेची मागणी येते, आणि तेथे मत्तयाच्या शुभवर्तमानात 'ऋण' हा शब्द योजिला आहे. लूकाच्या शुभवर्तमानात त्याच ठिकाणी 'पाप' हा शब्द आहे. तथापि पुढे लगेच तेथेही ऋणकऱ्याचा उल्लेख येतोच. प्रभू येशू ज्या अरामी भाषेत लोकांशी बोलत असे, तिच्यात ऋण व पाप या दोहोंस मिळून एकच शब्द होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन पाठांत विरोध नाही हे उघड होते. देवाने आपले ऋण सोडावे असे मागणारा मनुष्य त्याच वाक्यात असेही सांगत असतो की, मीही माझ्या ऋणकऱ्यास मोकळे केले आहे.

ऋण म्हणजे काय हे परभणी जिल्ह्यातील वाचकांस कोशात पाहावे लागत नाही. पावसाच्या भरवशावर कापूस व सोयाबीन घेणाऱ्या घरात सातबाऱ्यावरील बोजा हा लहान मुलांनाही ठाऊक असलेला शब्द आहे. पेरणीच्या दिवसांत पिता बँकेतून वा सावकाराकडून कोणत्या मुद्रेने परत आला, यावरून त्या वर्षी नवे दप्तर येणार की नाही हे मुले ओळखतात. म्हणूनच क्षमा हा विषय उपदेशकाच्या भाषेत न मांडता कर्जाच्या भाषेत मांडावा असे मला वाटते; कारण प्रभू येशूनेही तो त्याच भाषेत मांडला आहे.

शेतकऱ्यांची कर्जे माफ झाल्याचे प्रसंग आपण पाहिले आहेत. 2008 साली केंद्र सरकारने कर्जमाफी दिली. 2017 साली महाराष्ट्र शासनाने छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने, व 2019 साली महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने अशाच योजना जाहीर केल्या. त्यांच्या गुणदोषांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्यांतून एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात यावी अशी आहे. माफ झालेले कर्ज हवेत विरून जात नाही. बँकेच्या वहीत जी रक्कम येणे होती, ती कोणीतरी भरतेच. येथे ती शासनाने, म्हणजे सर्व जनतेच्या तिजोरीतून, भरली. ज्याला माफी मिळाली त्याला ती फुकट मिळाली; पण ज्याने दिली त्याला ती फुकट पडली नाही.

क्षमेचेही असेच आहे. कोणी आपला विश्वासघात केला, आपली नालस्ती केली किंवा आपल्या वाट्याचे हिरावून घेतले, म्हणजे एक नुकसान घडून गेलेले असते. ते नुकसान अपराध्याकडून वसूल करावे, की आपण सोसावे, एवढाच प्रश्न उरतो. क्षमा करणारा ते स्वतः सोसतो. सूडाचे समाधान, अपमानाची भरपाई, चारचौघांत त्याला मान खाली घालावयास लावण्याचा हक्क, हे सारे तो आपल्या खात्यावर बुडीत म्हणून लिहितो. म्हणूनच क्षमा करणे जड जाते, आणि ज्यांस ते सोपे वाटते त्यांनी बहुधा अजून कोणास क्षमा केलेली नसते. ख्रिस्ती धर्मात वधस्तंभास जे स्थान आहे त्याचे मर्म हेच. मनुष्यजातीचे ऋण देवाने केवळ तोंडी सोडले नाही, तर त्याची भरपाई स्वतः केली, असा ख्रिस्ती मनुष्याचा विश्वास आहे. योग्यता पाहून जे दिले जाते ते वेतन. योग्यता नसता जे दिले जाते ती कृपा.

आता त्या कृपेचे पुढे काय करावयाचे, याविषयी मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक दाखला आहे. आपल्या भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे काय, असे पेत्राने विचारले. उत्तर मिळाले, सत्तर पट सात वेळा. मोजणाऱ्याने मोजणेच सोडून द्यावे असा त्याचा अर्थ. मग प्रभूने एका राजाच्या चाकराची गोष्ट सांगितली. त्या चाकराकडे राजाचे दहा हजार तालांत येणे होते. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर ते कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. एकही दिवस न चुकता राबल्यास ते फिटावयास एक लक्ष चौसष्ट हजारांहून अधिक वर्षे लागली असती. राजास दया आली व त्याने ते सर्व सोडले. तोच चाकर बाहेर पडला, आणि आपल्या एका सोबत्याकडून शंभर दीनार येणे होते म्हणून त्याचा गळा धरून त्याने त्याला तुरुंगात टाकले.

हे शंभर दीनार म्हणजे काही क्षुल्लक रक्कम नव्हे. तीन महिन्यांहून अधिक काळाची ती मजुरी होती. आपल्याविरुद्ध जो अपराध झाला तो लहानच होता असे प्रभू कोठेही म्हणत नाही. जो दुखावला गेला आहे त्यास, 'एवढ्याशा गोष्टीचे काय मनावर घेतोस', असे सांगणे हे या दाखल्यास धरून नाही. दाखल्याचे म्हणणे इतकेच की, ज्याचे सहा कोटी सुटले त्याने शंभर धरून बसावे हे शोभत नाही.

हीच गोष्ट आपल्या गावात आणून पाहा. एका बागाईतदाराचे कर्ज माफ झाले आहे, सातबाऱ्यावरील बोजा उतरला आहे, आणि तो पेढे वाटीत आहे, अशी कल्पना करा. त्याच सायंकाळी त्याचा सालगडी दारात उभा राहतो. गुढीपाडव्यास ठरलेल्या सालापैकी मुलीच्या आजारपणात त्याने उचल घेतली होती. ती अजून फिटलेली नाही. तो थोडी सूट मागतो आणि धनी त्याला वहीतील शेवटचा रुपया दाखवितो. या धन्याने कायदा मोडला आहे काय? मुळीच नाही. तरी त्याच्या हातातील पेढ्याची गोडी आपणांस वाटेनाशी होते. दाखल्यातील राजाचा क्रोध आपणांस तेव्हा समजतो.

मला या लेखात एवढेच म्हणावयाचे आहे. मिळालेली कृपा मनुष्याच्या अंगी मुरली की नाही, याची परीक्षा उपासनामंदिरात होत नसून त्याच्या स्वतःच्या उंबरठ्यावर होते. तेथे जो त्याचा देणेकरी म्हणून उभा असतो त्याच्याशी तो कसा वागतो, यावर ती ठरते.

ही परीक्षा आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी दिली त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव प्रथम घ्यावे लागेल. 1858 साली जन्मलेल्या या विदुषीने तारुण्यातच दुष्काळात आईबापांचा मृत्यू पाहिला व पुढे वैधव्य सोसले. 1883 साली त्या इंग्लंडास गेल्या व त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर लंडनमधील फुलहॅम येथे तेथील भगिनींनी चालविलेले एक कार्य त्यांच्या पाहण्यात आले. ज्या स्त्रियांस समाज पतित म्हणून दूर लोटतो, त्यांस त्या भगिनी आपल्याजवळ ठेवून प्रेमाने वागवीत व त्यांचे जीवन पुन्हा उभे करीत. रमाबाईंनी शास्त्रेपुराणे कोळून प्यालेली होती. परंतु अशा स्त्रीसाठी कोणी असे दार उघडे ठेवल्याचे त्यांनी स्वदेशी पाहिले नव्हते. असे का करता, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांस शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवर प्रभू येशूशी बोलणारी ती हीच स्त्री. त्या गोष्टीने आपले मन कसे पालटले हे रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे.

नुसते मन पालटून त्या थांबल्या असत्या तर आज आपण त्यांची आठवण काढली नसती. 1889 साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतांत फिरून शेकडो अनाथ स्त्रियांस व मुलींस त्यांनी आणले, आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. तेथे जी निरनिराळी सदने निघाली त्यांत एक फुलहॅमची आठवण देणारे होते. घराने व गावाने ज्यांच्यासाठी दार लावून घेतले होते, त्या स्त्रियांचे ते घर. त्याला रमाबाईंनी नाव दिले 'कृपासदन'.

या नावाचा विचार करण्यासारखा आहे. ज्या घरात येणाऱ्या प्रत्येकीस लोक एकाच तुच्छ नावाने ओळखत होते, त्या घराच्या दारावर त्यांच्या अपराधाचा उल्लेख नाही. त्यांस काय दिले जाणार, एवढेच त्या नावात आहे. मुक्ती सदनात छापखाना होता, विणकाम होते, शेती होती. तेथे येणारीला भाकरीबरोबर कामही शिकविले जाई. म्हणजे मागचे विसरलो असे तोंडाने म्हणून तिला रस्त्यावर सोडून दिले जात नसे, तर पुढचे आयुष्य जगण्याचे साधनही तिच्या हाती दिले जाई. कृपेस छप्पर लागते, चूल लागते आणि कामही लागते, हे रमाबाईंनी जाणले होते.

घरातल्या घरात क्षमा करणे कदाचित याहूनही कठीण. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पतीपत्नींची ताटातूट झाली. लोकांची बोलणी बाईंनी ऐकली. पुढे दोघे पुन्हा एकत्र आली, आणि 1900 साली लक्ष्मीबाईंनी आपल्या स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकीकत त्यांनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात सांगितली आहे. ज्या पतीमुळे एवढे सोसावे लागले त्याच्याविषयी लिहिताना त्यांच्या लेखणीत कटुता नाही; उलट ठायी ठायी हसू आहे. दुःख झाकलेले नाही, दोष झाकलेले नाहीत, परंतु वसुलीची भाषा मात्र कोठेही आढळत नाही. सोडलेले ऋण कसे दिसते हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने तो ग्रंथ अवश्य वाचावा.

येथे कोणी पालक विचारतील, आणि विचारावे हेच योग्य, की अशी क्षमा करीत गेल्यास मुले बिघडणार नाहीत काय? शाळेतील शिस्त, न्यायालयातील न्याय यांची वाट काय? याचे उत्तर असे की, क्षमा आणि डोळेझाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळेझाक करणारा म्हणतो, काही घडलेच नाही. क्षमा करणारा म्हणतो, जे घडले ते वाईट घडले, आणि तरीही मी तुझ्याशी नाते तोडीत नाही.

जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर गावी, कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांची दहा आणि सहा वर्षांची दोन मुले गाडीत झोपली असता त्यांस जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांस आपण क्षमा केली असल्याचे जाहीर केले. परंतु कायद्याने आपले काम करू नये असे काही त्यांनी म्हटले नाही. खटला चालला, मुख्य अपराध्यास शिक्षा झाली, आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम केली. त्या माउलीने मात्र स्वतःच्या मनातील खटला कधीच काढून टाकला होता. त्या व त्यांची कन्या पुढेही काही वर्षे तेथेच राहून रोग्यांची सेवा करीत राहिल्या. 2005 साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. न्यायासन आणि अंतःकरण यांची कामे वेगळी आहेत, हे त्यांच्या वागण्यातून स्पष्ट होते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे, कारण या बाबतीत ख्रिस्ती मंडळीतही पुष्कळ अनर्थ झाला आहे. मारझोड करणाऱ्या पतीकडे परत जा आणि क्षमा करीत राहा, असा उपदेश दुबळ्या स्त्रीस करणे हा शुभवर्तमानाचा विपर्यास होय. दाखल्यात आधी राजा सोडतो. बलवंताने दुर्बळाचे ऋण सोडावे असा तेथे क्रम आहे. अपराध करणाऱ्याने क्षमा मागावी. ती वसूल करण्याचा हक्क त्याला नाही.

योसेफाची कथा या दृष्टीने फार बोधप्रद आहे, आणि ती बायबलात जशी आहे तशीच हजरत यूसुफ यांची म्हणून कुराणातही आहे. म्हणून आपल्या मुसलमान बांधवांसही ती आपलीच वाटेल. भावांनी त्याला विकले. पुढे दुष्काळ पडला आणि तेच भाऊ धान्यासाठी त्याच्यापुढे उभे राहिले. बायबलातील वृत्तान्ताप्रमाणे त्याने आपली ओळख लगेच दिली नाही. धाकट्या भावास सोडून देऊन हे पुन्हा आपली कातडी वाचवितात काय, हे त्याने आधी पाहिले. आणि यहूदा त्या धाकट्याच्या ऐवजी स्वतः गुलाम होण्यास पुढे सरला तेव्हा योसेफास रडू आवरेना. सत्य उघडे झाल्यावर त्याने त्यांस दोष दिला नाही. धान्य दिले, राहावयास भूमी दिली. हिंदू वाचकांस तर उदाहरण शोधावयास दूर जावयासच नको. गंगाखेडास जी गोदावरी आपण पाहतो तिच्याच काठी वर पैठण आहे. स्नान करून येणाऱ्या एकनाथ महाराजांवर एक मनुष्य पुनःपुन्हा थुंकला व महाराज पुनःपुन्हा शांतपणे स्नानास गेले, ही आख्यायिका मराठी मुलांस आजीच्या मांडीवरच ऐकावयास मिळते.

आता शेवटी आपल्या घरांविषयी दोन शब्द. दहावीच्या परीक्षेत जो अनुत्तीर्ण होतो, त्यास परीक्षा मंडळ त्याच वर्षी पुरवणी परीक्षेस बसू देते. पुष्कळ घरे मात्र या मंडळाहूनही कठोर असतात. तेथे त्या एका निकालाची वसुली वर्षानुवर्षे चालते, आणि पाहुण्यांपुढे, भावंडांपुढे त्याचा उच्चार होतो. कॉपी करताना सापडलेल्या मुलाचे गुण जावेत हे न्याय्यच आहे; पण त्याचे नावही जावे हे न्याय्य नाही. शिक्षेस मुदत असते, शिक्क्यास नसते. एखाद्या मुलीने आईबापांच्या इच्छेविरुद्ध विवाह केला म्हणून तिचे नाव काढावयाचे नाही, तिच्या लेकराचे तोंड पाहावयाचे नाही, अशी घरे आपल्या जिल्ह्यातही आहेत. आणि त्यांत उपासनेस नेमाने जाणारी ख्रिस्ती घरेही आहेत, हे लिहावयास लाज वाटते. अशा आईबापांचे दुःख खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते शंभर दीनार खरेच आहेत. परंतु केडगावी एका विधवेने परक्यांच्या लेकींसाठी जे दार उघडले, ते आपणांस आपल्या स्वतःच्या लेकीसाठी उघडता येऊ नये काय?

विद्यार्थिमित्रहो, तुमचे ऋणकरी लहान असतात असे मोठ्यांस वाटते. मला तसे वाटत नाही. ज्याने तुमचे गुपित फोडले, ज्याने तुमचे हसे करणारे छायाचित्र मोबाइलवरून साऱ्या वर्गात फिरविले, त्याने तुमचे खरोखरच काही घेतले आहे. ते छायाचित्र काढून टाकावयास लावा. गुरुजनांस सांगावयाचे तर अवश्य सांगा. पण त्याने येऊन क्षमा मागितली, म्हणजे तेच शस्त्र त्याच्यावर उलटविण्याचा तुमचा जो डाव असेल तो सोडून द्या. तुम्हांस ते जड जाईल. जड गेले म्हणजे समजा की, तुम्ही खरोखर काही देत आहात.

उद्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी ऋणाचा शब्द तोंडी येईल, तेव्हा क्षणभर थांबून आपल्या मनातील वही उघडावी आणि तिच्यात कोणाचे नाव अद्याप येणे म्हणून लिहिलेले आहे ते पाहावे. ते नाव खोडण्याचे सामर्थ्य, आणि आपलेही नाव कोणाच्या तरी वहीतून खोडले गेले आहे याची जाणीव, परमेश्वर आपणां सर्वांस देवो.